नाकातले केस कापताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा विषय चारचौघांत निघत नाही. सलूनमध्येसुद्धा दाढी आटपली की कारागीर आवाज खाली आणून "नाकातले घेऊ का?" असं विचारतो आणि आपण आरशात बघत नुसती मान हलवतो. मी स्वतः वीसेक वर्षं हे केस दोन नखांच्या चिमटीत धरून उपटत आलो. भाच्याच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात नाकात केसतूड झालं आणि लग्नातल्या प्रत्येक फोटोत माझं नाक टोमॅटोसारखं आलं, तेव्हा अक्कल आली. त्यानंतर मी डॉक्टरांना विचारलेले आणि मित्रांनी मला विचारलेले हे प्रश्न.

नाकात केस असतातच कशाला?

मोठा माणूस दिवसाला सुमारे १०,००० लिटर हवा आत घेतो. तिच्याबरोबर रस्त्यावरची धूळ, गिरणीतलं पीठ, मळणी यंत्रापुढचा भुसा, एखादं चिलटही येतं. हा जाडाभरडा माल दारातच अडवायचं काम या केसांचं. विसर्जन मिरवणुकीतून घरी येऊन नाक शिंकरलं की रुमालावर गुलाबी रंग उतरतो ना, तो अडवलेला गुलाल.

हे केस फक्त नाकपुडीच्या तोंडाशी, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरच्या पट्ट्यात उगवतात. तिथे आत वळलेली साधी कातडी असते. त्यापुढे ओलसर गुलाबी अस्तर सुरू होतं. त्यावर डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म लव असते आणि ती शेंबडाचा पातळ थर सतत घशाकडे ढकलत राहते. आपल्याला छाटायचे आहेत ते दारातले केस. आतल्या अस्तराशी आपलं काही काम नाही, आणि कात्रीचंही नाही.

मग कापले तर सगळी धूळ आत जाणार का?

किती कापता त्यावर आहे. नाकपुडीच्या कडेबाहेर डोकावणारं टोक छाटलं तर आतली जाळी तशीच राहते. पूर्ण साफसफाई केली तर राहत नाही.

२०११ साली तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी हंगामी ॲलर्जीची सर्दी असणाऱ्या २३३ रुग्णांच्या नाकातल्या केसांची दाटी तपासली होती. केस विरळ असणाऱ्यांत दम्याचं प्रमाण जास्त निघालं. आता हे केस त्यांनी कापलेले नव्हते, मुळातच कमी होते. त्यामुळे "कापले की दमा होतो" असा अर्थ त्यातून निघत नाही. पण ज्यांना धुळीने शिंका सुटतात, त्यांनी हात जरा आखडता घ्यावा असं मला वाटतं. उलट बाजूही आहे. ज्यांच्या नाकात केसांचं रानच माजलंय, त्यांना थोडे कापल्यावर श्वास मोकळा वाटतो.

आणि एक. धुरातले अतिसूक्ष्म कण हे केस तसेही अडवत नाहीत. बांधकामावर, जिनिंगमध्ये किंवा सिमेंटच्या धुळीत काम असेल तर केसांच्या भरवशावर राहू नका, चांगला मास्क लावा.

उपटले तर नेमकं काय बिघडतं? आमच्या आजोबांनी जन्मभर उपटले, काही झालं नाही.

आजोबा नशीबवान. माझेही वीस वर्षं काही झालं नव्हतं.

केस कापला की कातडीला काही होत नाही. उपटला की तो मुळासकट येतो आणि मागे एक बारीक उघडं भोक राहतं. नाक ही काही स्वच्छ जागा नव्हे. साधारण दहातल्या तिघांच्या नाकात स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जिवाणू मुक्कामाला असतो. एरवी तो गप्प असतो. त्याला असं भोक मिळालं, वर आपल्या नखांतला मळ मिळाला, की तिथे पू धरतो. मराठीत याला केसतूड म्हणतात. 'केस तुटला म्हणून झालेलं' हे निदान शब्दातच बसवून ठेवलंय आपल्या लोकांनी.

कधी कधी उपटताना केस अर्ध्यातच तुटतो आणि वाढताना बाहेर यायच्या ऐवजी कातडीच्या आत वळतो. मग तिथे गाठ येते आणि ती दिवसेंदिवस ठसठसत राहते.

दुखण्याचं तर बोलायलाच नको. चेहऱ्याच्या संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूची टोकं नाकात दाटीने असतात, म्हणून एक केस ओढला की डोळ्यांतून घळघळा पाणी आणि वर तीन शिंका. हिंदीत 'नाक का बाल' म्हणजे जिवाभावाचा माणूस. ज्याला ही उपमा सुचली त्याने तो एकदा तरी उपटून पाहिला असणार.

नाकात केसतूड झालंच तर?

पहिलं म्हणजे फोडायचं नाही. दाबायचं नाही, टाचणी लावायची नाही, "पिकलंय, आता निघेल" म्हणून आरशासमोर उभं राहायचं नाही. गरम पाण्यात बुडवून पिळलेलं स्वच्छ फडकं दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं बाहेरून धरा. नाकात बोट घालू नका. दोन दिवसांत उतार पडला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. मधुमेह असेल तर दोन दिवसही थांबू नका. मलम किंवा अँटिबायोटिक ते देतील ते घ्या. घरात पडलेली, कोणाच्या तरी खाजेसाठी आणलेली ट्यूब नाकात फिरवू नका. अशा बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं आणि त्याने संसर्ग दबल्यासारखा दिसून आत पसरू शकतो.

एवढी सावधगिरी एका फोडासाठी का, तर जागेमुळे. ओठांचे दोन कोपरे आणि दोन भुवयांमधलं नाकाचं मूळ, असा त्रिकोण मनात काढा. या भागातल्या शिरा डोळ्यांमागून जाऊन मेंदूच्या तळाशी असलेल्या शिरांच्या पोकळीला जोडलेल्या आहेत आणि तिकडे उलट वाहणारं रक्त अडवेल अशी पक्की सोय त्यांच्यात नाही. फोड पिळला तर संसर्ग त्या वाटेने आत जाऊन रक्ताची गुठळी होऊ शकते. हे फार क्वचित होतं, अँटिबायोटिक आल्यापासून तर फारच क्वचित. पण होतं तेव्हा जिवावर बेततं. नाकाच्या फोडाबरोबर ताप, थंडी, जोराची डोकेदुखी, पापणी सुजणं, डोळा पुढे आल्यासारखा वाटणं किंवा एकाचे दोन दिसणं यांतलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.

माझं केसतूड साध्या औषधाने सात दिवसांत बसलं. मी ते आधी एकदा दाबून बघितलं होतं हे डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती अजून आठवते.

कात्री चांगली की ट्रिमर?

हात स्थिर आणि डोळे चांगले असतील तर गोल टोकाची छोटी कात्री. मिशीची म्हणून मिळते तीच, फक्त टोकं बोथट आणि गोल हवीत. नखं कापायची टोकदार कात्री, शिवणाच्या डब्यातली कात्री, मुलांच्या कंपासमधली कात्री यांतलं काहीही नाकाजवळ नेऊ नका.

चष्म्याशिवाय दिसत नसेल, हात थरथरत असेल किंवा घाईत असाल तर ट्रिमर. नाकाच्या ट्रिमरचं पातं उघडं नसतं. बाहेर खाचा असलेली स्थिर टोपी आणि तिच्या आत फिरणारं पातं. खाचेतून आत गेलेला केसच कापला जातो, कातडी आत जात नाही. दाढीचा ट्रिमर मात्र नाकात चालत नाही, त्याची कडा कातडीला लागते.

कात्रीने कसं कापायचं, नीट सांगा.

आंघोळीनंतर करा. वाफेने केस मऊ होतात आणि नाकातलं मेकूडही सुटतं. आधी दाराला कडी लावा. ही सूचना विनोदी वाटेल, पण कात्री नाकपुडीत असताना कोणीतरी "बाबा, टूथपेस्ट!" म्हणून दार ढकललं की काय होतं ते मी अनुभवलंय.

हात साबणाने धुवा. नाक हळू शिंकरून मोकळं करा. कात्री स्पिरिटच्या बोळ्याने पुसून वाळू द्या. उजेड समोरून हवा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटमध्ये नाकपुडीत अंधारच दिसतो. खिडकीसमोर हात-आरसा धरून उभं राहणं सगळ्यात बरं.

आता डाव्या हाताच्या अंगठ्याने नाकाचा शेंडा किंचित वर उचला. मान फार मागे टाकू नका. कडेबाहेर आलेले चार-पाच केस लगेच दिसतील. कात्री नाकपुडीच्या तोंडाला समांतर, म्हणजे आडवी धरायची. भाल्यासारखी सरळ आत खुपसायची नाही. तोंडाने श्वास घ्या, म्हणजे कापलेले तुकडे आत ओढले जात नाहीत. एका वेळी एक-दोन केसच पकडा, कात्रीत कातडी नाही ना हे बघा आणि मग मिटा. नाकाच्या मधल्या पडद्याकडच्या बाजूला जास्त जपा. रक्त येतं ते बहुतेक वेळा तिथूनच.

झालं की तोंड पुसायच्या ओल्या कपड्याने नाकपुडीचं तोंड टिपा, एकदा हळूच शिंकरा. आरशात सरळ बघून, डोकं न उचलता, केस दिसत नसतील तर काम संपलं. डोकं मागे टाकून टॉर्चने आत बघू नका. आत केस दिसणारच, ते तिथे असायलाच हवेत.

ट्रिमर लावला की केस कापायच्या ऐवजी ओढले जातात. का?

दहापैकी नऊ वेळा सेल उतरलेला असतो. पातं मंद फिरलं की केस कापला न जाता त्यात अडकतो. नवा सेल टाका. तरीही ओढत असेल तर टोपी काढून आतले केस ब्रशने झाडा, कंपनीने सांगितलं असेल तरच पाण्याखाली धुवा. इतक्याने भागलं नाही तर पातं बोथट झालंय. आणि हो, ट्रिमर आधी चालू करून मग नाकाशी न्यायचा, बाहेर काढून मग बंद करायचा. आत असताना बंद केला की शेवटचा केस पात्यात राहतो आणि डोळ्यांत पाणी येतं.

किती आत जायचं आणि किती दिवसांनी?

ट्रिमरचं नुसतं टोक, अर्ध्या सेंटिमीटरपलीकडे नाही. दाबायचं नाही, टेकवून गोल फिरवायचं. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरतं. रोज दाढीबरोबर करायची ही गोष्ट नाही.

कापले की दाट आणि राठ येतात म्हणतात.

येत नाहीत. केसाचं टोक मुळात निमुळतं असतं, कापल्यावर ते बोथट होतं, म्हणून बोटाला टोचतं. मुळांची संख्या कात्रीने वाढत नाही.

पन्नाशीनंतरच हे एवढे का वाढले? डोक्यावरचे तर गेले.

दोन्हींमागे हात एकाच घराण्यातल्या संप्रेरकांचा आहे. पुरुषी संप्रेरकांचा टाळूवरच्या मुळांवर एक परिणाम होतो, नाका-कानातल्या मुळांवर बरोबर उलटा. वर केस बारीक होत जातात, इथे ते जाड आणि लांब होत जातात. निसर्गाने वाटणी अशी का केली, हे विचारून माझ्या वर्गमित्रांच्या दरवर्षीच्या भेटीत बराच वेळ जातो. बायकांमध्येही वयानुसार थोडे वाढतात, पुरुषांइतके नाहीत.

नाकाचं वॅक्स करावं का? सलूनमध्ये काडीवर लावून ओढतात.

माझं मत विचाराल तर नको. ते उपटणंच आहे, फक्त घाऊक. एका झटक्यात तीस-चाळीस केस मुळासकट जातात, तेवढी भोकं एकदम उघडी होतात आणि जाळीही जाते. मेण जास्त गरम असेल तर भाजतं ते वेगळंच. तरीही करायचंच असेल तर नाकपुडीच्या कडेपुरतं करा आणि काडी नवी आहे, एकदा वापरून पुन्हा मेणात बुडवलेली नाही, हे डोळ्यांनी बघा.

केस काढायचं क्रीम?

अजिबात नाही. ते केस विरघळवणारं रसायन आहे, आतलं अस्तर भाजून निघतं आणि वास नाकातच असल्यामुळे सुटका नाही.

लेसरने कायमचे जातात का?

कडेवरचे कमी करता येतात, पण ते त्वचारोगतज्ज्ञाकडेच. लेसर केसातल्या काळ्या रंगावर काम करतो. त्यामुळे पांढऱ्या केसांवर तो चालत नाही, आणि या वयात आपली तक्रार नेमकी पांढऱ्यांचीच असते.

सलूनमध्ये कारागिराकडून कापून घेतले तर?

त्याचा हात आपल्यापेक्षा सरावलेला असतो, हे खरं. प्रश्न हत्याराचा आहे. वस्तऱ्याचं पान आता सगळीकडे बदलतात, पण नाकाची कात्री तीच, आधीच्या गिऱ्हाइकाच्या नाकातून आलेली. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर सात दिवसही टिकू शकतो आणि लागण व्हायला डोळ्याला न दिसणारं रक्तही पुरतं. म्हणून कात्री समोर स्पिरिटने नीट पुसून घ्यायला सांगा, किंवा सरळ आपली कात्री खिशातून काढून द्या. मी देतो. पहिल्यांदा कारागीर हसला, आता तोच विचारतो, "काका, तुमची आणली का?" घरातही हाच नियम. नवरा-बायको असोत की बाप-लेक, नाकाचा ट्रिमर ज्याचा त्याचा.

कापताना रक्त आलं. आता?

घाबरू नका आणि मान मागे टाकू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पोरांचा घोळणा फुटला की आडवं करून डोक्यावर पाणी ओततात आणि कांदा हुंगायला देतात. रक्त थांबतं ते दाबल्याने. खुर्चीत बसा, थोडं पुढे वाका. हाडाच्या खालचा नाकाचा मऊ भाग अंगठा आणि बोटाने दोन्ही बाजूंनी घट्ट दाबा. तोंडाने श्वास घ्या. घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये एकदाही "थांबलं का" म्हणून सोडून बघायचं नाही. घशात आलेलं रक्त गिळू नका, थुंका. दहा मिनिटांत थांबलं नाही तर आणखी दहा मिनिटं. त्यानंतरही वाहत असेल तर दवाखाना.

थांबल्यावर त्या दिवशी जोरात शिंकरू नका, खपली काढू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. मधुमेहही आहे.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन यांपैकी काही चालू असेल तर कात्री बाजूला ठेवा, ट्रिमर वापरा, आणि रक्त आलंच तर लवकर दवाखाना गाठायची तयारी ठेवा. रक्त येऊ नये म्हणून गोळी एक दिवस चुकवायची, असला शहाणपणा मात्र करू नका. मधुमेहात साधी जखम चिघळते, त्यामुळे उपटणं आणि वॅक्स दोन्ही बंद. केमोथेरपी चालू असलेल्यांनी नाकाला हात लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं. त्या उपचारात हे केस अनेकदा आपोआपच गळतात आणि नाक सारखं वाहतं.

चमकी किंवा मोरणी घातलेली असेल तर?

काढून ठेवा. आतल्या बाजूची फिरकी किंवा तार ट्रिमरच्या टोपीला अडकते आणि हिसका बसतो तो थेट भोकाला. नाक नुकतंच टोचलं असेल तर भोक पूर्ण बरं होईपर्यंत त्या नाकपुडीला काही करू नका. लग्नासाठी नथ घालणार असाल तर आदल्या रात्री घाईघाईत कापण्यापेक्षा चार दिवस आधी कापा. कुठे ओरखडा आलाच तर तोवर भरतो. दाबाची नथ असेल तर आणखीच, कारण ती नेमकी त्याच कडेवर बसते.

मुलांचे कापावेत का?

नाही. दिसण्याइतके वाढतच नाहीत. मुलाच्या नाकातून काही काळं डोकावत असेल तर आधी तो मणी किंवा चिंचोका नाही ना ते बघा.

वडील अंथरुणावर आहेत, त्यांचे मी कापू शकतो का?

हो, ट्रिमरने. आधी त्यांना ट्रिमर दाखवा, हातात द्या, त्याचा आवाज ऐकवा. ऐकू कमी येणाऱ्या माणसाच्या नाकाशी अचानक घरघरणारं काही नेलं की तो दचकून मान फिरवतो. उशीला टेकवून बसतं करा, एक हात त्यांच्या कपाळावर हलका ठेवा, आणि एका नाकपुडीनंतर थांबा. मी वडिलांचे कापायचो तेव्हा ते डोळे गच्च मिटून रामरक्षा म्हणायचे. ती मोठ्याने चालू असली की श्वास आपोआप तोंडाने होतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं. नाकात ऑक्सिजनची किंवा अन्नाची नळी असेल तर स्वतः काही न करता नर्सला विचारा.

सर्दी असताना, जलनेती किंवा नाकात तूप सोडण्याच्या आधी-नंतर?

सर्दीत थांबा. कातडी आधीच लाल आणि सोललेली असते. जलनेती करत असाल तर केस कापल्यावर एक दिवस जाऊ द्या, आणि पाणी कायम उकळून कोमट केलेलंच घ्या, नळाचं नको. तूप-तेलाचंही तसंच, ओरखडा असेल तर तो भरल्यावर.

कानातल्या केसांनाही हेच लागू का?

पाळीवरचे आणि बाहेर आलेले तेवढेच. कानाच्या नळीत ट्रिमर घालू नका.

समोरच्याच्या नाकातला केस दिसतोय. सांगावं का, कसं?

सांगावं, पण एकट्याला गाठून. मला एका मुलाखतीनंतर, समोरच्या टेबलावरून नव्हे तर लिफ्टमध्ये, एका अनोळखी गृहस्थांनी फक्त "साहेब, आरसा" एवढंच म्हटलं आणि स्वतःच्या नाकाला बोट लावलं. लिफ्टच्या स्टीलच्या दारात मी बघितलं तर डाव्या नाकपुडीतून एक पांढरा केस चांगला मिशीत उतरला होता. नोकरी मिळाली नाही. केसामुळे नसावी, पण कात्री मी त्याच संध्याकाळी घेतली.